सांदवाडीतले अनोळखी रोप

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील सांदवाड्यांतून, म्हणजे परसबागांतून, जेथे वैशाखभर तापलेल्या मातीवर हिरवा ठिपकाही दिसत नव्हता तेथे, आठ-दहा दिवसांच्या आत अंकुरांची अशी दाटी होते, की स्वहस्ते टोकलेली भेंडी-चवळी कोणती आणि वाऱ्याने, पाखरांनी, गुरांच्या शेणाने अथवा नाल्याच्या पाण्याने आणून टाकलेले बी कोणते, हे घरच्या माणसालाही चटकन सांगता येऊ नये. अशा वेळी हात सहजच खुरप्याकडे जातो. जे ओळखीचे नाही ते तण, असा सरसकट हुकूम सुटतो आणि घटकाभरात वाफा स्वच्छ होतो. ही घाई मला सर्वथा अनुचित वाटते. या मुलखात रान आणि परस यांच्यामधील हद्द सरकारी नकाशावर जितकी स्पष्ट असते तितकी जमिनीवर नसते. कुंपणापलीकडे जे उगवते ते अलीकडेही उगवते, आणि अलीकडचे बी पलीकडे जाते. त्यामुळे येथील परसबाग राखणाऱ्याला अनोळखी रोपाची रीतसर चौकशी करता येणे अगत्याचे आहे.

या चौकशीत दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. रोप कोणते, हा पहिला. ते ठेवावे की काढावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रोपाच्या अंगावरच असते, पाने, खोड, रस, गंध, फूल आणि फळ यांत. आणि ते उत्तर अहेरीत जे, तेच वरोऱ्यात. दुसऱ्याचे उत्तर मात्र रोपात नसून जागेत, ऋतूत आणि आपल्या प्रयोजनात असते, म्हणून ते गावोगाव आणि महिन्यागणिक बदलते. तरोट्याचेच पाहा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तो हा तरोटा ज्येष्ठ-आषाढात कोवळा असताना झाडीपट्टीतील घरोघरी भाजी होऊन ताटात येतो. श्रावण-भाद्रपदात गुडघ्याच्या वर वाढून तो गुरांच्या चराईची जागा अडवतो, आणि ताडोबाच्या कुरणांत तृणभक्षक प्राण्यांचे गवत दडपतो म्हणून वनकर्मचारी तो उपटून काढतात. हिवाळ्यात त्याच्या शेंगा वाळल्या की त्याच्याच बिया गोळा होऊन व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर चढतात. एकाच वनस्पतीविषयी एकाच तालुक्यात तीन निवाडे होतात आणि तिन्ही यथार्थ असतात.

पण तरोटा म्हणून आपण जे खुडतो ते तरोटाच आहे, ही खात्री आधी हवी. तरोट्याचे पान संयुक्त असते. एका देठावर पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, आणि प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर, देठाकडे निमुळती. पान डोळ्यांजवळ धरून पाहिले असता खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये केशरी रंगाची, तांदळाच्या कणीहून बारीक अशी एक खुंटी उभी दिसते. दिवस मावळला की पर्णिका मिटून एकमेकींना चिकटतात. आता उकिरड्याच्या कडेला उगवणारा कासविंदा घ्या. तोही त्याच गोतातला; फूल तसेच पिवळे, पानही प्रथमदर्शनी तसेच. परंतु त्याच्या पर्णिका चार-पाच जोड्यांनी येतात, त्यांची टोके अणकुचीदार असतात, ग्रंथी पर्णिकांमध्ये नसून देठाच्या अगदी बुडाशी फुगीर गाठीप्रमाणे असते, आणि पान चुरगळल्यास उग्र दुर्गंध येतो. हा भेद केवळ जिज्ञासेचा नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये यकृत, स्नायू आणि मेंदू यांना ग्रासणारा जो जीवघेणा आजार वर्षानुवर्षे उद्भवत होता, त्याचा संबंध मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगांशी असल्याचे तेथील वैद्यकीय संशोधनातून पुढे आले. अंगणात मुले खेळत असतील तर कासविंद्याला शेंग धरू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळख पटवण्याची पहिली अट थांबणे ही होय. अंकुराच्या अवस्थेत, जेव्हा केवळ बीजदले मातीवर आलेली असतात, तेव्हा तज्ज्ञही ठाम बोलत नाहीत. निदान चार-सहा खरी पाने येईपर्यंत मुदत द्यावी. पंचवीस रोपे एकसारखी उगवली असतील तर वीस काढावीत, पाच राखावीत, त्यांच्याजवळ कामटी रोवून खूण करावी. मग एक रोप मुळासकट उपटून, मुळे पाण्याने धुऊन, पांढऱ्या कागदावर ठेवून सावकाश पाहावे. खोड दोन बोटांत फिरवावे: ते चौकोनी लागले आणि पाने समोरासमोर असली तर रोप तुळशीच्या गोतातले असण्याचा संभव मोठा, तिधारी आणि भरीव लागले तर ते गवत नसून मोथ्याचा प्रकार, गोल, पेरांचे आणि पेरांदरम्यान पोकळ असले तर बहुधा खरे गवत. त्यानंतर देठ मोडावा. जमिनीलगत पसरणारी घोळ ही आंबूस चवीची उत्तम भाजी, आणि तिच्याच शेजारी तशीच पसरणारी बारीक पानांची दुधी ही खाण्याची नव्हे. दोहोंचे देठ मोडले की दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून नितळ पाणी. पान मांसल आणि चीक नाही ती घोळ. हे एवढे पाहिल्याशिवाय घोळ चुलीवर चढवू नये.

सर्वांत अधिक फसगत होते ती झेंडूच्या वाफ्यात. दसऱ्याच्या तोरणासाठी म्हणून पावसाळ्याच्या आरंभी झेंडू टाकावा, आणि त्याच ओळीत कातरलेल्या पानांचे, कोवळ्या हिरव्या रंगाचे गाजरगवत उगवावे. दोहोंची रोपे वीतभर होईतो माणूस दोघांनाही सारखेच पाणी घालतो. परीक्षा अशी: झेंडूची खालची पाने खोडावर समोरासमोर असतात, पान उजेडाकडे धरले की त्यात तैलग्रंथींचे पारदर्शक ठिपके दिसतात, आणि चुरगळताच तो परिचित तीव्र वास हाताला लागतो. गाजरगवताची पाने प्रथम जमिनीलगत चक्राकार पसरतात, पुढे खोडावर एकाआड एक येतात, खोडावर उभे कंगोरे व बारीक लव असते, ठिपके नसतात, झेंडूचा वास नसतो. आणि फुलले की मोहरीपेक्षा थोडी मोठी, पाच कोपऱ्यांची पांढरी फुले झुबक्यांनी येतात. दोघेही सूर्यफुलाच्या कुळातले, दोघांचेही मूळ मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या अमेरिकेतले. एकाला आपण देवाच्या गळ्यात घातले, दुसऱ्याने आपल्या त्वचेला खाज आणि छातीला दमा दिला. तेव्हा परदेशी असणे हा स्वतंत्र गुन्हा मानता येत नाही. मिरची तिकडचीच, सीताफळ तिकडचेच, आणि शेतकरी जखमेवर जिचा पाला चोळतो ती एकदांडीही तिकडचीच. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली, आणि आयात धान्यासोबत त्याचे बी आले असे सामान्यतः मानले जाते; पुढे ते देशभर पसरले याचे कारण एकेका झाडापासून हजारोंनी सुटणारे हलके बी, वर्षातून अनेकदा फुलण्याची शक्ती, आणि सभोवतीच्या रोपांची वाढ खुंटवणारी त्याच्या अंगची द्रव्ये. त्याच्याबाबत मुदत देण्याचे कारण नाही. फूल येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून अथवा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ते मुळासकट काढावे. फुलावर आलेले असेल तर खतखड्ड्यात कदापि टाकू नये. ऐन पावसाळ्यात त्याच्या पानांवर मळकट पांढऱ्या पाठीचे, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर ते झाड काही दिवस तसेच राहू द्यावे आणि त्यावर औषध मारू नये. १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरास आणून नंतर मुद्दाम सोडलेला तो मित्रकीटक असून गाजरगवताची पाने हाच त्याचा आहार आहे.

धानाच्या पऱ्ह्यांतही अशीच नजर लागते. धानाच्या रोपात सावा मिसळला म्हणजे दोन्ही पाती सारखीच हिरवी, सारखीच अरुंद. निंदणाला येणाऱ्या अनुभवी बाया मात्र ओळीतून चालता चालता सावा तेवढा उचलतात, आणि विचारले तर पाते खोडाला जेथे मिळते तेथे बोट ठेवून दाखवतात. धानाच्या त्या सांध्यावर एक पातळ पांढुरका पापुद्रा उभा असतो, दोन्ही बाजूंस लवदार कानही असतात. साव्याच्या सांध्यावर पापुद्रा नसतो, जागा स्वच्छ, गुळगुळीत. पुष्कळदा साव्याच्या पात्यावर जांभळे पट्टेही असतात. एवढी खूण नवशिक्याला पुरेशी आहे, आणि रोवणीपूर्वी पऱ्हे उपटतानाच ती वापरली तर पुढचे निंदण निम्म्याने हलके होते.

परंतु धानात दिसणारे प्रत्येक निराळे रोप साव्याचेच असते असे नाही, आणि येथे मला नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांचे स्मरण होते. थोड्याशा जमिनीचे धनी असलेल्या या शेतकऱ्याला १९८३ साली आपल्या बांधीतील ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात काही लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. रूढ व्यवहार असा, की निराळे दिसले ते भेसळीचे समजून काढावे, अथवा दुर्लक्ष करून राशीत मिसळू द्यावे. दादाजींनी दोन्ही केले नाही. त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या काढून त्यांचे बी जपले, पुढच्या हंगामात ते स्वतंत्र पेरले, त्यातून पुन्हा निवड केली, आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालवला. त्यातून जो बारीक दाण्याचा, रुचकर आणि भरघोस धान निघाला तो त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ म्हणून बाजारात गेला आणि आज विदर्भाबाहेरही घरोघरी शिजतो. जून २०१८ मध्ये दादाजी निवर्तले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. निराळे काय दिसते हे टिपणारी दृष्टी आणि त्याला एका हंगामाची मुदत देण्याची तयारी होती. बीजोत्पादनाच्या क्षेत्रात वेगळी रोपे काढावीच लागतात, त्याविषयी दुमत नाही. तथापि काढलेले रोप बांधाच्या कोपऱ्यात, हातभर जागेत, वाढू देण्यास काय हरकत आहे? सांदवाडीतही अशी एक राखीव जागा प्रत्येकाने ठेवावी. तिच्यावर नळाचे अथवा बोरिंगचे पाणी सहज पोहोचावे, आणि ती मुलांच्या व शेळ्यांच्या वाटेत नसावी.

विषारी वनस्पतींच्या बाबतीत मात्र औदार्य दाखवण्याचे कारण नाही. कळलावीचा वेल पावसाळ्यात येथील कुंपणांवर चढतो. तिच्या पानाचे टोक सुताप्रमाणे वळून आधाराला गुंडाळते, फूल पिवळ्यातून भडक लाल होते, आणि कंद जमिनीत बोटाएवढा, वाकडा, खाद्य कंदाचा भास होईल असा असतो. तो कंद प्राणघातक आहे. बैचांदीचा वेलही काटेरी खोडाचा आणि एका देठावर तीन पर्णिका असलेला. तिचा कंद चिरून, दीर्घकाळ वाहत्या पाण्यात धुऊन निर्विष करण्याची विद्या अरण्यवासीयांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण ती पुस्तकात वाचून अथवा कोणाकडून ऐकून करून पाहण्याची गोष्ट नाही. जे खायचे ते जाणत्या माणसाने त्याच जागेवरून, आपल्यासमोर खुडून दाखवलेले असावे. छायाचित्राशी जुळले एवढ्या आधारावर काहीही तोंडात घालू नये. भ्रमणध्वनीवरील ज्या उपयोजनांना छायाचित्र दाखवले असता नाव मिळते, त्यांचे उत्तर तपासाची दिशा म्हणून घ्यावे, दाखला म्हणून नव्हे. ती तरोट्याला कासविंदा म्हणू शकतात आणि कासविंद्याला तरोटा.

माणसांना विचारणे हा तपासाचा अर्धा भाग आहे, आणि तो या दोन जिल्ह्यांत जितका फलदायी होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. काटवल कोठे येते, कुड्याची फुले केव्हा खुडावीत, बांबूचे वास्ते किती कोवळे असावेत हे ज्या म्हाताऱ्या बायांना कळते, त्यांना वाफ्यातील रोप दाखवले तर नावासोबत त्याची भाजी, त्याचे औषध आणि त्याचा उपद्रव, तिन्ही एका बैठकीत कळतात. ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभागातर्फे जिल्ह्या-तालुक्यांच्या ठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. तेथे भाजी विकत घेण्याबरोबर तिचे एक मुळासकट रोप मागून आणावे आणि आपल्या परसातील रोपाशेजारी ठेवून रुजुवात करावी. नावांचा गोंधळ मात्र गृहीत धरावा: माडिया पाड्यावरचे नाव एक, धानपट्ट्यातले दुसरे, वरोरा-भद्रावतीकडचे तिसरे. म्हणून लोकनाव लिहून घ्यावे, सांगणाऱ्याचे गाव त्यापुढे टिपावे, आणि शेवटची खात्री शास्त्रीय नावानेच करावी.

त्यासाठी ग्रंथ धुंडाळणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ पुण्या-मुंबईकडील अभ्यासकांचा प्रमुख आधार असला, तरी चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) तेव्हा मध्य प्रांतात मोडत असल्यामुळे आपला मुलूख त्याच्या कक्षेत येत नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्र राज्याच्या वनस्पतींवर काढलेले खंड, १९९६ चा एकदलांचा आणि त्यानंतरचे द्विदलांचे, हे आपल्या उपयोगाचे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते असल्यास तेथे बसून पाहावेत.

ओळख पटली की निवाडा. त्यात मी प्रथम हे पाहतो की रोप पसरते कशाने. केना खोडाच्या तुकड्यापासून पुन्हा धरतो. म्हणून तो खुरप्याने चिरून वाफ्यातच टाकणे म्हणजे त्याची लागवड करणे. नागरमोथ्याच्या भूमिगत गाठी धाग्यांनी जोडलेल्या असतात, आणि वरचे पाते तोडले की खालची प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. तो काढायचा तर ओलसर जमिनीत खोल खणून, गाठी वेचून, उन्हात वाळवाव्या लागतात. आघाडा, काटेमाठ, कुर्डू ही बियांवर जगणारी. त्यांची कोवळी पाने खाऊन तुरा येण्याआधी कापली तर उपयोग होतो आणि उपद्रव टळतो. अमरवेल दिसली तर विचारात वेळ दवडू नये. पाने नाहीत, मुळे जमिनीत नाहीत, केवळ पिवळे सूत झाडावर पसरले आहे, तर ज्या फांदीला तिने विळखा घातला ती फांदीच छाटून जाळावी. मोकळा वाफा बियांच्या तणांनी फार ग्रासला असेल तर चैत्र-वैशाखात त्याला पाणी देऊन, पारदर्शक प्लास्टिक कडांना माती दाबून चार ते सहा आठवडे अंथरावे. आपल्याकडचे ऊन या कामी जितके समर्थ आहे तितके देशात थोड्याच ठिकाणी असेल. नागरमोथा मात्र एवढ्याने मरत नाही.

दुसरी बाब, जिच्याविषयी मला विशेष कळकळ वाटते, ती कुंपणापलीकडची. घाणेरी, जिला कोणी रायमुनियाही म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली; एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले पाहून आजही लोक ती अंगणात लावतात, कुंपण म्हणून राखतात. तिची काळी फळे बुलबुल खातो आणि बी जंगलात टाकतो. तेथे ती गवत आणि साग-ऐनाची रोपे दडपून जाळी करते, आणि तिचा पाला गुरांना विषारी असतो. रानतुळशीचेही तसेच. चौकोनी खोड पाहून ती तुळशीच्या नात्याने राखली जाते, पण तुळशीची मंजिरी फांदीच्या शेंड्याला येते, रानतुळशीची निळसर फुले पानांच्या बगलेत येतात, आणि फुलाचा हिरवा पेला पाच ताठ काट्यांनी संपतो. ती एकदा पडीक जमिनीवर पसरली की चराईचे गवत उरत नाही. शहरातील बागवानाने घाणेरी लावली तर त्याचा परिणाम त्याच्या कुंपणापुरता राहील; पण मूल, मोहर्ली, पळसगाव अथवा आलापल्ली येथील परसातून सुटलेले बी थेट राखीव वनात जाते. म्हणून वनालगतच्या गावात ही दोन झाडे, कितीही देखणी वाटली तरी, ठेवू नयेत.

इतके करूनही रोप ओळखता आले नाही तर त्याचा नमुना तयार करावा. फूल व शक्य तर फळ असलेली एक फांदी, लहान रोप असल्यास मुळासकट, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पाने नीट पसरून, एकदोन पाने उलटी ठेवून, वर विटा रचून दाबावी. पावसाळ्यात कागद रोज बदलावे, अन्यथा बुरशी धरते. वाळल्यावर २८ × ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर ती दोऱ्याने टाचून खालच्या कोपऱ्यात नमुन्याचा क्रमांक, गाव, तालुका, दिनांक, रोपाची उंची, जमीन कशी, आणि फुलाचा ताजेपणीचा रंग लिहावा, कारण वाळताना तो उडतो. हा नमुना प्रथम जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना दाखवावा. शेतातले रोप असेल तर सिंदेवाही अथवा गडचिरोलीजवळील सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात न्यावे. तेथे जाताना वाळलेल्या नमुन्याऐवजी ओल्या गोणपाटात गुंडाळलेले ताजे रोप, मुळाभोवतीच्या मातीसह न्यावे, म्हणजे ओळखीबरोबर ते काढण्याचा उपायही त्याच भेटीत विचारता येतो. तेथेही निर्णय लागला नाही तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील, १९५५ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम विभागीय केंद्राशी पत्रव्यवहार करावा, आणि नमुन्याची एक प्रत, त्याच क्रमांकाची, आपल्यापाशी राखून ठेवावी. कारण उत्तर येईल ते त्या क्रमांकाच्या हवाल्याने येईल, आणि तोवर राखीव कोपऱ्यातले मूळ रोप कदाचित सुकून गेलेले असेल.